दोन नांगर, एक दोरी

काजू भाजल्याचा वास आला की कुडाळच्या त्या कारखान्याचं ऑफिस आठवतं. इंटरनेटचा एक राऊटर बंद पडला तर दुसऱ्याने आपोआप काम उचलावं, अशी जोडणी मी तिथे केली होती. मालकांसमोर ऐटीत पहिल्याची वायर उपटली; कुणाचंही काम अडलं नाही. दारातला वॉचमन, पूर्वी मालवणला होडीचा तांडेल म्हणजे कप्तान असलेला, वाकून दोन्ही राऊटरच्या वायरींचा माग काढत म्हणाला, “होडयेक दोन नांगर घातलस रे, पण दोनय एकाच दोरयेक? हो डबो बंद पडलो तर?” दोन्ही वायरी ऑफिसभर इंटरनेट वाटणाऱ्या एकाच डब्यात, नेटवर्क स्विचमध्ये, गेल्या होत्या. मी तो बंद केला आणि अख्खं ऑफिस ओरडलं. संध्याकाळपर्यंत जोडीला दुसरा स्विच बसवला. आजही वायर मी ऐटीतच उपटतो, पण आधी दोऱ्या मोजतो.