बापाच्या जागेवर

भोपाळच्या आमच्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत एक जण रोज सकाळी बसची वाट बघत जपानी कॉमिक वाचायचा, उजवीकडून डावीकडे. नाव मी कधी विचारलं नाही. पान उलटण्याआधी तो बोट पँटला पुसायचा. इतकी भक्ती मी देवळातही पाहिली नाही.

त्याची आवडती मालिका संपून पुढचा भाग निघाला होता. त्यात जुन्या नायकाचा मुलगा नायक.

"पहिल्यासारखी आहे का?" मी विचारलं.

"कुठली हो. आपल्या कारखान्यासारखंच आहे, बापाच्या जागेवर पोरगं लागलंय. मशीन तीच, पण हाताला ती बात नाही."

"मग वाचता कशाला?"

"म्हातारा मधेमधे येऊन पोराला झापतो ना. तेवढं एकदम बरोबर जमलंय."

बस आली. त्याने पुस्तक काखेत मारलं आणि बाकावरचा स्टीलचा डबा उचलला. डब्यावर कोरलेलं नाव मी वाचतोय हे त्याने पाहिलं.

"ते वडिलांचं," पायरीवर चढत तो म्हणाला. "नोकरीबरोबर डबापण मिळाला. घरीच असतात आता. रोज विचारतात, आज काय बिघडवून आलास?"