विमल मॅडमचा हिरडा

विमल मॅडमचं संशोधन कशामुळे बुडालं, हे मला माहीत होतं. ते वाचवता येत होतं तेव्हाच माहीत होतं. आजवर हे मी कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, भावापाशी नाही. आता लिहितो. पण आधी मॅडम कशा होत्या ते सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही.

कॉलेजच्या कँटीनमध्ये दह्याची वाटी समोर आली की मॅडम ती आधी उलटी करायच्या. खाली बशी धरायच्या, एवढीच काय ती मेहेरबानी. दही वाटीला धरून राहिलं तर "जमलं" म्हणून सुलटी करून खायच्या. बदकन खाली आलं तर आत हाक जायची, "अहो, विरजण लावून भांडं हलवलंत ना? खरं सांगा!" आणि कँटीनवाल्याने ते हलवलेलं असायचंच. "उलटं केल्याशिवाय कोणाचं खरं कळत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दह्याला लागू, विद्यार्थ्यांना लागू आणि पुढे मलाही.

मंचरच्या बाजारपेठेतल्या जैन घरातल्या त्या. वडिलांची हिरड्याची पेढी. डिंभे धरणाच्या वरच्या डोंगरातली माणसं बाळहिरडा, म्हणजे कोवळी हिरड्याची फळं, वाळवून आणायची, तो शेठजी घ्यायचे. घर दिवस मावळायच्या आत जेवणारं, म्हणून मॅडम रोज ऊन असतानाच कॉलेजातून निघायच्या. मी त्याच गावचा, कॉलेजच्या भिंतीला लागून आमचं रान. कॉलेजची जागाही आजोबांनीच दिलेली. आम्ही दोघंही रसायनशास्त्र शिकवायचो.

मॅडमचं पीएच.डी.चं काम हिरड्याच्या अर्कावर होतं. तो अर्क आणि प्रथिनांत असतो तसला एक अमिनो आम्लाचा पदार्थ कोमट पाण्यात विरघळवायचा आणि बाटली गप्प ठेवून द्यायची. रात्रभरात आतले रेणू आपणहून एकमेकांना धरतात, त्यांचे धागे होतात, धाग्यांची जाळी होते आणि त्या जाळीत सगळं पाणी अडकून बसतं. सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. त्या बाटल्यांजवळ कोणी गेलं की मॅडम ओरडायच्या, "लांबूनच! लग्न लागतंय तिथं. अंतरपाट ओढू नका." एकदा नीट जमलं की मात्र ते जेल कमालीचं गुणी. बोटाने चोळलं की वाहतं, सोडलं की पुन्हा उभं राहतं. "हे राग धरत नाही हो, आपल्यासारखं," त्या म्हणायच्या. टाचांच्या भेगांना लावायचं मलम त्यांना त्यातून करायचं होतं, चोळताना पसरेल आणि मग जागा सोडणार नाही असं. शिवाय हिरड्याचा तो गुण, तेलाला लवकर खवट होऊ न देणारा.

तो गुण तपासायचं एक जांभळं द्रावण असतं. पदार्थात जोर असेल तर जांभळा रंग उतरून पिवळा होतो. मीही तेव्हा शेवग्याच्या पाल्यावर काम करत होतो. पुण्याहून तज्ज्ञ आले होते, मी खिडकीत बाटल्या मांडून रंग कसा उतरतो ते दाखवत होतो. तेवढ्यात मॅडम पुढे आल्या. त्यांनी काहीच न घातलेली एक जांभळी बाटली सकाळीच गुपचूप माझ्या बाटल्यांच्या शेजारी ठेवली होती. तीही फिकी पडली होती. दोन्ही बाटल्या हातात धरून म्हणाल्या, "सर, शेवग्याचं श्रेय उन्हाला द्या. निष्कर्ष उधारीवर मिळत नाही, पुरावा रोख टाकावा लागतो."

सगळे हसले. तज्ज्ञही हसले. माझं काम तिथेच संपलं आणि दुसऱ्या दिवसापासून पोरांनी माझं नाव 'ऊन सर' ठेवलं. मॅडमचं बरोबर होतं. पण हेच त्या मला आदल्या दिवशी, चहावर, हळू आवाजात सांगू शकल्या असत्या. ते हसणं मी गिळलं आणि वाट बघत राहिलो.

वाट फार बघावी लागली नाही. विद्यापीठाने मॅडमना शेवटची मुदत दिली: तेच जेल पुन्हा पुन्हा, न चुकता जमवून दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द. आणि नेमकं जेल जमेना. सकाळी बाटलीत खाली गाठी, वर पाणी.

"एक आठवडा जमतं सर, एक आठवडा फसतं," त्या स्टाफरूममध्ये म्हणाल्या. "आता काय, अमावास्या-पौर्णिमा बघू?"

त्यानंतर एका दुपारी मी त्यांच्या खोलीत गेलो. त्या तासावर होत्या. भिंतीला लावलेल्या टेबलावरच्या बीकरमधल्या पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती. भिंतीला तळहात लावला, तर भिंत गुणगुणत होती. पलीकडे आमची विहीर. मोटरीचा पाइप त्याच भिंतीला क्लिपांनी आवळलेला.

घरी आल्यावर भावाला विचारलं, "तात्या, पुढच्या आठवड्यात लाईट कवाची?"

"रातची. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रातची, तुला काय नवीन हाय का? मोटर ऑटोवर टाकायची न् खुशाल झोपायचं. का रं?"

"काय नाय."

शेतीच्या लाईटचं हे वेळापत्रक पेठेत राहणाऱ्या मॅडमना कुठून माहीत असणार? रात्रीच्या आठवड्यात त्या बाटल्या ठेवून घरी जायच्या, आणि इथे मोटर आपोआप सुरू होऊन पहाटेपर्यंत ती भिंत हलवत राहायची. दोन माणसांनी टेबल उचलून समोरच्या भिंतीला लावलं असतं, की काम झालं असतं. मी बोललो नाही. रात्रीची लाईट असली की सकाळी मुद्दाम लवकर जायचो, मॅडमचा चेहरा बघायला. त्या दिवसांत चहाला वेगळीच गोडी होती, खोटं कशाला सांगू!

एकदा त्यांनी सरळच विचारलं, "सर, तुम्ही इथलेच. या खोलीत काही वेगळं आहे का हो?"

मी म्हणालो, "खोलीत काय असणार? हिरड्यातच खोट असेल."

तेव्हा त्या मला साक्षीला म्हणून पेढीवर घेऊन गेल्या. शेठजी गोदामात बसले होते. लेकीच्या कामाचा हिरडा ते स्वतः निवडायचे, वेगळ्या पोत्यात ठेवायचे.

"बाबूजी, मालात खोट आहे," मॅडम म्हणाल्या.

शेठजींनी मान वर केली. "विमल, एकेक दाणा हातातून गेलाय माझ्या."

"गेला असेल. पण जमत नाही ना!"

"आपल्या दारात असं कोण बोललं नव्हतं गं." मग ते माझ्याकडे वळले. "तुमी सांगा सर. तुमी शिकलेले."

मी एक हिरडा उचलला, दाताखाली धरला. चोख तुरट होता. मी म्हणालो, "सांगता येत नाही."

शेठजींनी ते पोतं स्वतःच्या हाताने बांधलं. पुढच्या हंगामात त्यांनी हिरडा घेतलाच नाही. डोंगरातली माणसं माल घेऊन यायची आणि तशीच परत जायची. मुदत संपली, मॅडमची नोंदणी गेली, मग त्यांनी नोकरीही सोडली. बापलेक एका घरात राहिले, पण हिरड्याचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. शेठजी तसेच गेले.

आता पेढीचं किराणा दुकान झालंय, गल्ल्यावर मॅडम बसतात. गेल्या महिन्यात मी गेलो होतो, सांगायचंच ठरवून. एक पोरगी दह्याचं भांडं घेऊन विरजण मागायला आली होती. मॅडमनी आतून वाटीत दही आणलं, चमच्याने दिलं. वाटी उलटी केली नाही.

"काय देऊ, सर?"

"साखर," मी म्हणालो.

'ऊन सर' अशी हाक बाजारात अजून कोणीतरी मारतंच, आणि अजूनही माझे दात आवळतात. तो राग गेलाय असं मी म्हणणार नाही. पण तो मॅडमवरचा होता. शेठजींनी माझं काही वाकडं केलं नव्हतं.

हिरडा चोख होता. मोटर आमची होती. एवढं मला विमल मॅडमना त्यांच्या दुकानात उभं राहून सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.