कंट्रोलची काच

शिपाई कडूबा त्या अंधाऱ्या खोलीत एकटा पाऊल टाकत नसे. "ताई आत कुणाशी तरी बोलत्यात," तो खालच्या चहावाल्याला सांगायचा. "म्या सोता ऐकलंय. दार बंद, दिवे बंद, अन् ताई इचारत्यात, जेवला का रे?"

कडूबाच्या गोष्टीतलं निम्मं सोडून द्यावं लागतं, पण हे मात्र खरं होतं.

तनुजाताई मूळच्या वैजापूरच्या. केस काळे होते तेव्हापासून त्या संभाजीनगरच्या या तपासणी केंद्रात. रुग्णाच्या मूत्रपिंडाचा गोठवलेला तुकडा यायचा. ताई त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर घेत आणि वर रंग सोडत. नको ते प्रथिन साचलेलं असेल तर रंग त्यालाच धरायचा, आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाच्या अतिनील दिव्याखाली ते हिरवं चमकायचं. शेजारी एक हमखास चमकणारी काच ठेवायची, तिला म्हणायचं कंट्रोल. ती चमकली तरच रंगावर विश्वास ठेवायचा.

आणि हा कंट्रोल म्हणजे ताईंचा लेक सत्यम होता.

सत्यमची दोन्ही मूत्रपिंडं याच आजारानं गेली. ताईंनी आपलं एक दिलं. काही वर्षं बरी गेली, मग त्यातही तेच प्रथिन साचलं. ते काढावं लागलं आणि पाठोपाठ सत्यमही गेला. काढलेल्या मूत्रपिंडाचा तुकडा ताईंनीच सही करून केंद्राला दिला. मांस आईचं, त्यात चमकणारा आजार लेकाचा. दुसरी कुणी त्या खोलीकडे फिरकली नसती. ताई रोज त्याला भेटायला जाऊ लागल्या. पण ही चमक मोठी दुष्ट, पाहावी तेवढी विरत जाते. म्हणून ताई घाईनं दोन शब्द बोलत आणि दिवा झाकत.

तुकडा संपत आला. केंद्राच्या डॉक्टर रूपाली मॅडम नवे तुकडे आणत आणि ताई प्रत्येकात खोट काढत, लग्नाच्या पोराची आई मुली नापसंत करते तशी. अखेर मॅडमनी ऐकलं नाही, नवा कंट्रोल सुरू केला. सत्यमची एकच काच उरली होती. ती ताईंनी फ्रीजरच्या तळाशी दडवली.

मग फर्दापूरची अपेक्षा आली, शाळकरी पोर. तिची काच काळीभोर निघाली. पण नवा कंट्रोलही मिणमिणता. आता पोरीला आजार नाही, की रंगच बाद? तिचा तुकडा तर संपला होता, नव्यासाठी पुन्हा सुई टोचायची म्हणजे जिवाशी खेळ, पहिल्याच वेळी रक्त थांबता थांबत नव्हतं.

बाहेर बाकावर तिची आई द्वारकाबाई बसली होती. "काही समजलं का हो ताई? लई जीव खालवर होतोय."

ताईंनी ती काच दडवूनच ठेवली असती तरी कुणाला कळलं नसतं. त्या फ्रीजरपाशी किती तरी वेळ उभ्या राहिल्या. शेवटी हात आत घातला, काच काढली आणि तिच्यावर तोच रंग सोडला.

दिव्याखाली सत्यम लख्ख हिरवा झाला.

"रंग चांगला आहे!" मॅडम म्हणाल्या. "म्हणजे पोरीला हा आजार नाहीच. तिचं दुखणं औषधानं आटोक्यात येईल." त्यांनी फोटो घेतला. "ही काच कुठून काढली?"

विचारता विचारताच मॅडमना समजलं. "दिवा झाका ताई, विरेल."

"राहू द्या मॅडम. तुम्ही तिच्या आईला सांगा जा."

मॅडम गेल्या. ताईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. आज घाई नव्हती. जेवला का रे, त्यांनी विचारलं, आणि मग बऱ्याच दिवसांचं साचलेलं सगळं सांगितलं. हिरवं फिकं झालं, राखाडी झालं, काळं झालं.

बोलणं थांबलं तसा कडूबा घाबरत दारात आला. आयुष्यात पहिल्यांदा तो एकटा आत शिरला.

"दिवा लावू का, ताई?"

"थांब," ताई म्हणाल्या. "अजून थोडा दिसतोय."