हात लावायची भीती

मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "तुझे दवाखान्यातले किस्से सांग!" किस्से काय, सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो. पण माझ्या किश्श्यांची एक गोची आहे. हसू नंतर येतं, घडताना सगळ्यांची पाचावर धारण बसलेली असते. माझीसुद्धा!

परभणीच्या दवाखान्यात मी व्यायामाची बाई. अडलेल्या बाळंतपणात मूल ओढून काढताना मानेजवळच्या नसा ताणल्या जातात आणि तान्ह्याचा हात लुळा पडतो. अशी बाळं माझ्याकडे यायची. हात हलवत राहिलं नाही तर सांधा आखडतो, चुकीचा ओढला तर आणखी बिघडतो.

पहिलं बाळ आलं ते वीस दिवसांचं. आईनं मला खालून वर न्याहाळलं.

"बाई, तुमाला किती लेकरं?"

"लग्नच झालं नाही अजून."

"मग कुणाच्या लेकरावर शिकलाव?"

मी खरं बोलले. "बाहुलीवर!"

तिनं बाळ उचललं नि तडक बाहेर! दुसऱ्या दिवशी परत आली, पण पहाऱ्याला सासू, नणंद आणि नवरा घेऊन.

*

येलदरीकडच्या एका आजीला बजावलं होतं, "हात अजिबात ओढायचा नाही." पंधरा दिवसांनी पाहते तर झबल्याची बाही कमरेपाशी टाके घालून शिवलेली!

"तुमीच म्हणलाव ना वढू नका म्हणून? आता कोण वढतंय बगू!"

काख लालभडक झाली होती. अंघोळसुद्धा बाहीसकट चालली होती.

*

झरीची दुसरी एक आजी. महिनाभर व्यायाम करूनही फरक शून्य.

"रोज करता ना?"

"लेकराची शप्पत!"

"करून दाखवा बरं."

आजीनं झपाझप करून दाखवलं. वर, खाली, बाजूला. सगळं बिनचूक, फक्त हात दुसरा!

"अहो, हा तर चांगला हात!"

"मग? त्या हाताला हात लावायचं लय भ्या वाटतं, बाई."

मी तिच्यावर ओरडले. घरी गेल्यावर मात्र आठवलं, बाळ फार रडलं की मीसुद्धा दोन वेळा कमीच करते.

*

सोनपेठकडची चंद्रकला, तिची लेक दीड महिन्याची. तेवढ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, एसट्या बंद. माझ्या जिवाला घोर. हात आखडला असणार! गाड्या सुरू झाल्यावर ती आली, तर लेकीचा सांधा अगदी मोकळा.

"हे कसं जमवलंस?"

"दार लावून बसलो व्हतो, बाई. बाहीर कोण आलं, काय पेटलं, कळंना. भ्यानं दुसरं काम सुदरंना. मग बसले हात हलवत."

"किती वेळा?"

"दिसभर!"

*

तीच लेक सात महिन्यांची झाली. आता परीक्षा. चांगला हात धरून ठेवायचा आणि बाळाच्या तोंडावर कापड टाकायचं. लुळ्या हातानं ते काढलं तर हात सुधारतोय. नाही काढलं, तर बहुधा असाच राहणार. हे मी चंद्रकलेला स्पष्ट सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "पोरीची जात हाय, बाई."

मी पांढरा रुमाल टाकला मात्र, तिची सासू किंचाळली, "जित्या लेकराचं तोंड झाकायलाव व्हय!"

शेवटी तिनंच पिशवीतून हिरवं फडकं काढून दिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. चंद्रकलेनं बाळाचा चांगला हात धरला. मी फडकं टाकलं. बाळ चुळबुळायला लागलं.

फडकं खाली पडलं.

"पोरीनं काढलं?" सासूनं भिंतीकडे बघतच विचारलं.

"मला काय ठावं, आत्याबाई? म्या डोळे मिटले व्हते. बाई, तुमी बघितलं ना?"

मीही मिटले होते!

सासू वळली. फडकं उचललं, झटकलं आणि माझ्यापुढे धरलं. "टाका पुन्यांदा. आता म्या बघते."

आणि माझाच हात पुढे होईना!