खुर्चीतला मालक

सलूनवाल्याला आपण किती ओळखत होतो, असं कुणी विचारलं असतं तर बाइंडरकाकांना खाली मान घालूनच उत्तर द्यावं लागलं असतं. वर्षानुवर्षं ते त्याच्या खुर्चीत बसले, पण त्यातला बराचसा वेळ डोळे मिटून आणि तोंडाला साबण लावून. त्याच्या मुली काय शिकतात, बायको कुठली, हे सगळं उडत उडत कानावर आलेलं. ओळख म्हणावी तर हातांची. हलके, गार हात आणि मनगटावर भाजल्याचा जुना डाग.

आगीचा भोंगा वाजला की स्वयंसेवक पथकातली माणसं हातातलं काम टाकून बंबाकडे धावायची. इतरांचं ठीक होतं. सलूनवाला धावला की गिऱ्हाइकाची पंचाईत. कुणाची एकच मिशी राहायची, कुणाचं अर्धं डोकं. त्यावर त्याने नियमच करून टाकला होता: भोंगा वाजताना खुर्चीत असेल तो दुकानाचा मालक. तो परत येईपर्यंत दुकान त्याने सांभाळायचं. वस्तरा मात्र सलूनवाला स्वतः पुसून, मिटून खणात ठेवायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा. पथकप्रमुख त्यावरून त्याला धारेवर धरायचा.

"अरे, तिकडे घर पेटलंय आणि तू हत्यारं कसली आवरतोस?"

"मग काय साहेब, आग विझवायला जाताना इथे कुणाचा गळा कापायची सोय करून जाऊ?"

त्या दुपारी खुर्चीत बाइंडरकाका होते. उजवा गाल झाला होता, डाव्यावर फेस होता. भोंगा वाजला, सलूनवाला गेला, काका मालक झाले. फेस सुकून गाल ओढायला लागला. गिऱ्हाइकं डोकावून, "काय मालक, उरलेली दाढी उधार का?" असं चिडवून गेली.

संध्याकाळी पथकातला नळदुरुस्तीवाला दारात आला. हेल्मेट काखेत, तोंड काजळीने काळं.

"काका, दुकान बंद करा," एवढंच म्हणाला.

आग रंगाच्या गोदामाला लागली होती. सलूनवाल्याने एका हमालाला बाहेर काढलं. आत आणखी एक आहे असं कुणीतरी ओरडलं, म्हणून तो परत शिरला आणि छप्पर खाली आलं. आत कुणीच नव्हतं. दुसरा हमाल मागच्या दाराने आधीच निघून गेला होता.

काका तशाच अर्ध्या दाढीने अंत्ययात्रेला गेले. कुणीही हसलं नाही.

पुढे पथकाच्या खोलीत त्याच्या नावाची पाटी लावायचं ठरलं. प्रमुख काकांकडे आला. "निघताना शेवटचं बोलणं तुमच्याशीच झालं. जिवाची पर्वा नाही वगैरे, असं काही म्हणाला असेल ना? पाटीवर घालू."

"आठवून सांगतो," काका म्हणाले. आठवायचं काही नव्हतं, सगळं लख्ख लक्षात होतं. पण ते पाटीवर घालण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांनी मनाशी एक वाक्य जुळवलं. वाक्य चांगलं होतं. जन्मभर पुस्तकं बांधली, अशी वाक्यं पुष्कळ हाताखालून गेली होती.

दुकानाची किल्ली अजून त्यांच्याकडेच होती. ती न्यायला सलूनवाल्याची बायको आली. किल्ली मुठीत धरून दारातच उभी राहिली.

"काका, पाटीवर हवं ते घाला. मला मात्र खरं सांगा. त्या सकाळी आमचं वाजलं होतं. सोडा ते पथक एकदाचं, म्हणाले होते मी. ते न जेवताच निघाले. रागातच गेले का हो?"

जुळवलेलं वाक्य काकांनी तिथेच सोडून दिलं. पाटीवर पुढे नुसतं नावच आलं.

"नाही गं पोरी," ते म्हणाले, "चेष्टा करतच गेला."

आणि जसं घडलं तसं सांगितलं. त्याने वस्तरा पुसला, मिटला, खणात ठेवला. खण नीट बसेना म्हणून गुडघ्याने ढकलला. काकांच्या गळ्यातला टॉवेल सारखा केला आणि दारातून मागे वळून म्हणाला,

"मालक, झोपू नका हं. डावी बाजू आल्यावर करतो."

"सावकाश ये," काका म्हणाले. "मला कुठे जायचंय?"