अंगठा आणि कुलूप

लाँड्रीत सगळ्या तिला ‘ठिणगी’ म्हणायच्या. अकरा वर्षं ती हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करत उभी होती आणि कुणाचं म्हणून ऐकून घेत नव्हती. एका बाबतीत मात्र तीही गप्प होती. संडासाची किल्ली मॅनेजरच्या खिशात असायची, आणि मागायला गेलं की तो घड्याळ बघायचा. त्यामुळे कामावर पाणीच प्यायचं नाही, असा बायकांचा शिरस्ता पडला होता. वाफेने जीव कासावीस झाला की ती दुपारी गोड गार पेयाची एक बाटली रिचवायची, तेवढंच.

एका सकाळी तिच्या उजव्या पायाचा अंगठा लालबुंद सुजला. पांघरुणाचं टोक लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. रक्त तपासलं तर युरिक अ‍ॅसिड नऊच्या वर; गाऊट निघाला, सांध्यांचा आजार. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, दारू किती घेता? तिचं डोकंच फिरलं. घरी जावेनेही तेच तुणतुणं लावलं: हा तर पिणाऱ्यांचा आजार, तुला कसा गं झाला? जन्मात थेंबाला न शिवलेली बाई पाय उशीवर ठेवून दातओठ खात बसली.

सूज उतरायच्या गोळ्यांबरोबर पथ्यही मिळालं. मटण कमी, कलेजी बंद, गोड बाटल्या तर मुळीच नाहीत. पाय बरा झाला की रोज चालायचं, वजन हळूहळू उतरवायचं, आणि दिवसभर भरपूर पाणी.

“पिईन हो,” ती म्हणाली, “पण ते सोडू कुठे?”

डॉक्टरीणबाईंना काही कळेना. मग तिने किल्लीचं सगळं सांगितलं, आणि सांगता सांगताच तिला स्वतःचीच चीड आली. इतकी वर्षं आपण तहानेलाही परवानगी मागत होतो.

नवऱ्याने रविवारी तिच्यासमोर कलेजीवर ताव मारला, वर म्हणाला, तू नुसता वास घे. पुढच्या रविवारी तिने पातेलंच त्याच्या हातात दिलं. स्वतः शिजवा, स्वतः खा.

कामावर ती दोन मोठ्या बाटल्या भरून नेऊ लागली. एके दिवशी तिसऱ्यांदा किल्ली मागितली तेव्हा मॅनेजर म्हणाला, कामाला येता की फिरायला? तिने रिपोर्ट टेबलावर ठेवला. त्याने तो न वाचताच बाजूला सारला.

जेवणाच्या सुट्टीत तिने दुरुस्तीच्या पेटीतला स्क्रू ड्रायव्हर घेतला, दाराची कडी कुलपासकट उखडली, कडक इस्त्रीच्या रुमालात गुंडाळली आणि मॅनेजरच्या पुढ्यात ठेवली.

“हे तुमचं. दार आमचं.”

तो कामावरून काढायच्या गोष्टी करू लागला. मागे बाकीच्या सातही जणी इस्त्र्या बंद करून उभ्या होत्या, आणि संध्याकाळी चारशे चादरी जायच्या होत्या. त्याने ते गाठोडं खणात टाकलं. दोन दिवसांनी दाराला कडी बसली, ती आतून.

चार महिन्यांनी युरिक अ‍ॅसिड सहाच्या खाली आलं. ते उतरवायची गोळी चालूच आहे, चालणंही. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, शाबासकी देऊ लागल्या. तिला काही हसू आलं नाही. मॅनेजर हल्ली तिला आवर्जून नमस्कार करतो. ती उत्तर देत नाही.