चांगदेव जॉबरचे कान

हसनशेठच्या मुलीचं, सफियाचं लग्न होतं, १९९२च्या फेब्रुवारीत. पाहुणे जेवायला बसले की कव्वालीची कॅसेट लावायची, एवढं एकच काम शेठनी माझ्यावर सोपवलं होतं. मी त्यांच्या यंत्रमाग कारखान्यातला कारकून. बटण दाबण्याइतकी अक्कल मला आहे, असा त्यांचा समज होता. मी कॅसेट टाकली, बटण दाबलं आणि कडुलिंबाला टांगलेल्या कर्ण्यातून असा काही घोंघाट सुटला की पडघ्याहून आलेल्या एका बुजुर्गांनी हातातला घास हातातच ठेवून आभाळाकडे पाहिलं. कुणी ओरडलं, "अरे जनरेटर गया!" लाउडस्पीकरवाला आपलीच वायर उपटायला धावला.

शेठचा पुतण्या दाऊद इंग्लंडात शिकून नुकताच परतला होता. त्याने तिकडून आणलेली कॅसेट मी कव्वालीची म्हणून लावली होती.

आणि त्या धावपळीत एकच माणूस बिर्याणी सोडून कर्ण्याखाली उभा राहिला. "ओ, बंद नका करू! आत बाई गातेय!"

तो चांगदेव. आमच्या कारखान्याचा जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. राहायला शेलार गावात, आणि वीस वर्षं चोवीस लूमच्या खडखडाटात. आत कुणी बाई गातेय हे दुसऱ्या कुणालाही ऐकू आलं नाही. मला तर नाहीच. मला फक्त माझी नोकरी जाताना ऐकू येत होती.

म्हणून मी स्वतःवरचं हसू दुसरीकडे ढकललं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर म्हणालो, "आमच्या चांगदेवचे कान गेले बरं का! जनरेटरमध्ये बाई गाते त्याच्या!" टपरी हसली. ही टपरीवरची गोष्ट संध्याकाळपर्यंत वडप्याला पोचली आणि परत येताना विनोद वाटेत गळून पडला. उरलं एवढंच, की हसनशेठचा जॉबर बहिरा झाला.

लूममध्ये काय दुखतंय हे जॉबर डोळ्यांनी नाही, कानांनी ओळखतो. बहिरा जॉबर म्हणजे चव गेलेला आचारी. आठवड्यातच शेठनी त्याला ऑफिसात बोलावलं. माणूस मऊ, त्यामुळे पंख्याकडे बघून बोलले, "चांगदेव, तू आता घडी खात्यात बस. आराम आहे. शनिवारपासून नवा जॉबर येतोय."

घडी खातं म्हणजे कापडाच्या घड्या घालायच्या. मी टेबलाच्या खणात डोकं घालून नसलेली फाइल शोधत होतो.

घरी द्रौपदीने विचारलं, "लोक म्हणतात तुमचे कान गेले. खरं हाय का?"

"आत पिठाच्या डब्यात तू सुकट लपवलीस. झाकण वाजलं तवा समजलं."

"मग शेठला तसं सांगा की!"

"सुकटीचं सांगू?"

पण त्याला झोंबलं होतं. पाना हातातून जाणार याचं होतंच, पण ती बाई खरंच गात होती आणि कुणी मानत नव्हतं, याचं जास्त. गुरुवारी तो थेट दाऊदकडे गेला आणि दोघांनी पडवीत बसून अख्खी कॅसेट ऐकली. दाऊदने सांगितलं, या संगीताला शूगेझ म्हणतात. गिटारच्या आवाजांचे थरावर थर चढवून भिंत बांधतात आणि गाणाऱ्याला मुद्दाम आत बसवतात. वाजवणाऱ्यांच्या पायाशी आवाज बदलणारी यंत्रं असतात, त्यामुळे ते लोकांकडे न बघता आपल्या बुटांकडेच बघत राहतात. लोक हसून म्हणाले, हे बूट बघणारे. तेच नाव पडलं.

"हसायचं काय त्यात?" चांगदेव म्हणाला. "काम करणारा खालीच बघणार. आमचा कारागीर कधी लूम सोडून पाव्हण्यांकडे बघून हसतो का?"

तिथून तो सरळ शेठकडे आला. "शेठ, मी बाहेर चहा पितो. चोवीसातल्या कुठल्या पण लूमचा एक नट ढिला करा आणि सगळे चालू करा. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. चुकलो तर घडी खातं."

शेठनी स्वतः पाना घेतला. लूम सुरू झाले. शेडमध्ये बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही, सगळा कारभार हातांच्या खुणांचा. चांगदेव भिंतीकडे तोंड करून, मान खाली घालून उभा. कारागीर आपापल्या लूमवरून तिरके बघत होते. मिनिट गेलं, दोन गेली. मग त्याचे हात वर झाले. सात बोटं.

शेठचं तोंड उघडंच राहिलं. सातच होता.

पण हात खाली येईनात. दोन्ही पंजे एकदा उघडले, पुन्हा उघडले, वर एक बोट. एकवीस. एकवीसला कुणी हात लावला नव्हता. शेठनी 'काय?' अशी मान उडवली. चांगदेवने दोन मुठींनी हवेतच काहीतरी फाडून दाखवलं.

दहा मिनिटांत एकवीस नंबरचा चामडी पट्टा तुटला आणि आडवं सूत नेणारा धोटा अर्ध्या वाटेत अडकून बसला. कारागिरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तो ऐकू आला नाही, दिसला. चांगदेवला मात्र ऐकू आला असावा. शेठनी पाना दोन्ही हातांनी त्याला परत दिला आणि खांद्यावर अशी थाप मारली की तो पट्ट्यासारखा वाजला.

मग काय! नवा जॉबर आलाच नाही. शुक्रवारी लूम बंद, त्यामुळे दुपारी दाऊदचा टेप टपरीवर येऊ लागला आणि चांगदेव तिथला मास्टर झाला. "आवाज मोठा करा. लांब उभे राहा. पहिल्यांदा शब्द शोधू नका, ते मिळायचे न्हाईत. दुसऱ्या बाजूचं सावकाश गाणं आहे ना, तिथनं सुरू करा. तिसऱ्या वेळेला बाई आपोआप बाहेर येईल." आणि ती यायची! तीन शिफ्टचे कारागीर कप हातात धरून खाली मान घालून उभे, आणि एकेकाचा चेहरा असा उजळायचा जणू गावाहून पत्र आलंय. मराठी येणाऱ्यांना चालायचं, हिंदीवाल्यांना चालायचं, कारण शब्द कुणालाच कळत नव्हते.

मीही जायचो. एव्हाना माफी मागून झाली होती. शेजारच्यांना कव्वालीचा किस्सा सांगत, दाऊदला इंग्लंडातले भाव विचारत, चहाची ऑर्डर देत महिनाभर ऐकलं. बाई काही बाहेर आली नाही.

शेवटी म्हणालो, "चांगदेव, दुसरी बाजू झाली, मोठा आवाज झाला, लांब उभं राहून झालं. आता मी नेमकी सुरुवात करू तरी कुठून?"

"तोंड मिटण्यापासून," चांगदेव म्हणाला.